दगड हातात का आले?
ब्रिटनमध्ये मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांनी खिडक्यांच्या काचा फोडून स्वतःचंच नुकसान करून घेतलं, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. १८ नोव्हेंबर १९१० राहून गेलं की! त्या दिवशी सुमारे ३०० जणी लंडनच्या संसदेवर निवेदन घेऊन गेल्या, तर पोलिसांनी तासन्‌तास ढकलाढकली, मारहाण केली, अंगचटीलाही आले. त्यानंतर अनेकींनी साधा हिशेब केला: दगड मारला की लगेच अटक होते, निदान मार तरी वाचतो. (खिडक्या १९०८ मध्येही फुटल्या होत्या, पण तुरळक.)

आणि हो, त्या शिष्टमंडळात चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्याबरोबर पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी सोफियाही होती. पुढे तिने ‘मत नाही तर कर नाही’ म्हणत दागिने जप्त होऊ दिले. चळवळीतल्या काहींनी पुढे केलेल्या जाळपोळीचं समर्थन मात्र मीही करणार नाही.