मदत हवी आहे : १९१६ च्या बातम्यांतला 'पुश' मराठीत कसा आणावा?

पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरच्या ब्रिटिश वार्तापत्रांचा अनुवाद करतोय. १ जुलै १९१६ ला सुरू झालेल्या या चढाईला तिथली वर्तमानपत्रं सर्रास 'द बिग पुश' म्हणत. दार ढकलायला वापरतात तोच घरगुती शब्द. पहिल्याच दिवशी ब्रिटिशांचे १९ हजारांहून जास्त सैनिक मेले, आणि शब्द मात्र असा, की जणू बंद पडलेली गाडी चार जणांनी लोटायची आहे! मला हा हलकेपणाच टिकवायचाय.

आतापर्यंत 'मोठी चढाई', 'निकराचा हल्ला', 'मुसंडी' वापरून पाहिलं. अर्थ बसतो, पण तिन्ही शब्द थेट रणांगणातले. 'धक्का' म्हटलं की वाचकाला पराभव वाटतो. 'रेटा' सगळ्यात जवळचा, पण 'मोठा रेटा' मथळ्यात अवघडल्यासारखा दिसतो. मोल्सवर्थ आणि कँडी हे दोन्ही शब्दकोश पाहिले. पण ते एकोणिसाव्या शतकातले, त्यांच्याकडून या अर्थाची अपेक्षा नव्हतीच.

अडचण अशी की शब्द मथळ्यातही येतो आणि सैनिकांच्या तोंडीही, म्हणून दोन्हीकडे एकच हवा. 'पुश' तसाच ठेवायचा नाही, आणि तळटीप फार तर एकच देता येईल.

१९१६ ते १९१८ चे 'केसरी' किंवा 'ज्ञानप्रकाश'चे अंक कुणी चाळलेत का? तारेने आलेल्या युद्धाच्या बातम्या छापताना त्यांनी या 'पुश'साठी नेमका कोणता मराठी शब्द वापरला होता?