माठावरची हिरवी अळी अचानक गुलाबी पडली आहे

कुंडीतली
आठवड्यापूर्वी माठाच्या पानांना पांढरट खिडक्या पडलेल्या दिसल्या. पान उलटलं तर बारीक जाळं आणि आत काचेसारखी नितळ हिरवी अळी, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा. मारवेना. बरणीत ठेवली, रोज ताजं पान देत गेले. काल सकाळपासून तिनं खाणं सोडलंय, अंग गुलाबी झालंय आणि तळाशी सारखी गोल गोल फिरतेय. बुरशी लागली का? माझंच काही चुकलं का? कृपया लवकर सांगा, जीव लागलाय.

पानामागे
ताई, ती आजारी नाही. वर्णनावरून हा स्पोलाडिया रिकर्व्हालिस वाटतो. फॅब्रिशियसनं १७७५ मध्ये वर्णन केलेला हा छोटा पतंग उष्ण प्रदेशांत जगभर आढळतो. कोशात जाण्याआधी याची अळी गुलाबी होते. फिरतेय ती माती शोधत, कारण हिचा कोश मातीत होतो. बरणीत आत्ताच दोन बोटं भुसभुशीत माती घाला. ओलसर हवी, चिखल नको, नाहीतर खरंच बुरशी येईल. मातीचे कण रेशमानं सांधून ती घर करेल. मग उकरून बघायचा मोह मात्र आवरा.

परसबाग
बाकीच्या कुंड्याही बघा. अंडी पानाच्या मागे, शिरांच्या कडेनं असतात. कोवळ्या अळ्या वरचा पापुद्रा ठेवून खातात, म्हणून त्या खिडक्या. मोठ्या झाल्या की नुसत्या शिरा उरतात. पालक, बीट, घोळ, सगळं चालतं त्यांना. जाळं दिसलं की ते पान खुडायचं. फवारणी शक्यतो नकोच, या अळ्यांवर वाढणाऱ्या इवल्या गांधीलमाश्याही तिनं मरतात.

कुंडीतली
माती घातल्यावर तासाभरात आत गेली! नंतर रोज नुसती माती बघत बसायचे. आज नवव्या दिवशी बरणीच्या भिंतीवर पतंग बसलेला. गडद तपकिरी पंखांवर पांढरे पट्टे, पसरलेल्या पंखांचा नेमका त्रिकोण, जेमतेम नखाएवढा. गेल्या महिन्यात पाणी घालताना माठातून असेच भुर्रकन उडायचे, तेव्हा मी त्यांना चिलटं समजत होते. संध्याकाळी झाकण काढलं. थोडा वेळ काठावर थांबला, मग गेला. माठाच्या दिशेनंच.