स्विफ्टला मागे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवावेत का?

निळी_स्विफ्ट, धायरी

नमस्कार मंडळी. 2014 ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गेल्या महिन्यात महाबळेश्वरहून परत येत होतो, आम्ही पाच जण आणि डिकी गच्च. पसरणी घाट निम्मा उतरलो असू तोच जळका वास यायला लागला. दोन-तीन वळणं गेली आणि ब्रेकचं पॅडल एकदम मऊ पडलं, पार खाली जायला लागलं. पंप केलं की कसाबसा ब्रेक लागायचा. हँडब्रेकच्या मदतीने गाडी कडेला घेतली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. पाऊण तासाने निघालो तर पॅडल पुन्हा नेहमीसारखं! मागे आईबाबा आणि माझी मुलगी होती, त्यामुळे हा विषय मला असाच सोडायचा नाही.

इकडच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, मागे ड्रम आहेत म्हणून हे होतं. बलेनो आरएसला चारही डिस्क यायच्या, तिचं मागचं सामान मिळालं तर बसवून देतो म्हणाला. खर्च 45 हजार सांगतोय. पैशाची सोय करीन, पण त्याने गाडी खरंच जास्त सुरक्षित होईल का? घाट बहुतेक वेळ चौथ्या गिअरवर उतरत होतो. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं.

हिंजवडी_ते_हर्णै

माझं मत, टाकून घ्या. डिस्क उघड्यावर असते, त्यामुळे लवकर गार होते आणि पावसात भिजली तरी फिरता फिरता पाणी फेकून देते. ड्रमच्या आतली उष्णता आतच कोंडून राहते. कंपन्या महागड्या गाड्यांना चारही डिस्क देतात ते उगाच नाही. फक्त हँडब्रेकची सोय असलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घ्या, नाहीतर गाडी चढावर लावताना पंचाईत.

जुना_ब्रेकवाला, चिंचवड

निळी स्विफ्ट, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत आणि त्यातच उत्तर आहे. माझी नोकरी ब्रेक टेस्टिंगमध्ये गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

ब्रेक तापून दगा देतो तो दोन प्रकारे. एकात पॅडल कडक राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. तिथे पॅड (डिस्कवर घासतो तो) किंवा लायनर (ड्रमच्या आत घासतो तो) तापून त्याची पकड गेलेली असते. दुसऱ्यात पॅडलच मऊ होऊन खाली जातं आणि गाडी गार झाली की आपोआप सुधारतं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. ऑइल दाबलं जात नाही, पण त्याची वाफ झाली की ती दबते आणि तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि धूर पुढच्या चाकांतून होता. म्हणजे जिथे ऑइल उकळलं तिथे आधीपासूनच डिस्क आहे! 45 हजार घालून मागचं टोक बदललं तरी पुढचं ऑइल तेच राहणार.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) नवं असताना 205 अंशांच्या वर उकळतं, ओलावा मुरल्यावर ती मर्यादा 140 वर येऊ शकते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. शहरात याचा पत्ताही लागत नाही. घाटात लागतो. पाचगणी ते वाई सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार आहे. माणसांसकट तेराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर वीस-बावीस लिटर गार पाणी उकळेल. त्यातली काही हवेच्या विरोधात जाते, इंजिनाने बरीच घ्यायला हवी. चौथ्या गिअरला इंजिन फारसं धरत नाही, म्हणून ती सगळी ब्रेकवर आली. असे उतार दुसऱ्यावर उतरायचे, गरज पडेल तिथे तिसरा. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका, नीट दाबा आणि पूर्ण सोडा.

आता मागच्या डिस्कबद्दल. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे सरकतं. तुमच्या गाडीत चाकांमधलं अंतर 2430 मिलिमीटर आहे, त्यावरून ढोबळ हिशोब केला तर गाडीत एकटा चालक असताना कचकन ब्रेक मारल्यावर मागच्या चाकांवर वजनाचा जेमतेम पाचवा भाग उरतो. टायरवर वजनच नसेल तर तिथे कितीही भारी ब्रेक लावून उपयोग काय? आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी मागून फिरते. हे टेस्ट ट्रॅकवर डोळ्यांनी पाहिलेला माणूस मागच्या ब्रेकशी खेळत नाही.

ड्रमची आणखी एक गंमत आहे जी लोकांना माहीत नसते. पुढचा शू (ज्यावर लायनर असतो ती कमान) फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट बसतो, त्यामुळे कमी दाबात काम होतं. डिस्कला ही मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. कॅलिपरचा पिस्टनही मोठा, म्हणजे ऑइल जास्त ढकलावं लागतं आणि तुमचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) तेवढं देणारा नसेल तर पॅडल लांबतं. शिवाय मागचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशोबाने बसवलेला असतो. आरएसला कंपनीने डिस्क दिल्या तेव्हा मास्टर सिलिंडर, एबीएस, ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) हे सगळं त्या गाडीसाठी जुळवून, तपासून दिलं. तुमच्याकडे एबीएसच नाही. गॅरेजवाला तुमची गाडी कुठल्या ट्रॅकवर, किती वजन भरून, ओल्या रस्त्यावर तपासणार आहे, हे त्याला एकदा विचारा.

हर्णैवाल्यांचा मुद्दा मला मान्य आहे. दीडशेच्या वेगाने धावणाऱ्या जड गाडीला मागे डिस्क हवीच. पण ड्रम म्हणजे मागासलेपण असंही समजू नका, फोक्सवॅगनच्या आयडी 3 या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच आहेत.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून सीलबंद डब्यातलं नवं डॉट 4 भरून घ्या, फोडून ठेवलेला डबा नको. पुढची डिस्क मोजून घ्या, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मग मागचे ड्रम उघडायला लावा आणि स्वतः शेजारी उभे राहा. व्हील सिलिंडरच्या (ड्रमच्या आत शू बाहेर ढकलणाऱ्या) दोन्ही टोकांना रबरी टोपी असते, ती नखाने जराशी उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, बदलायचाच. लायनर आरशासारखा चकाकत असेल तर तोही बदला.

ॲडव्होकेट_सदाशिव_पेठ

अपघाताच्या दाव्यांची कामं करते, म्हणून एवढंच. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, तेव्हा बदल चालतो असं गॅरेजवाले सांगतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता ब्रेक बदलले आणि पुढे अपघात झाला, तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. 2029 ला गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा नोंदणी वाढवताना फिटनेसची तपासणी आहेच.

निळी_स्विफ्ट, धायरी

काका, मनापासून आभार. रविवारी दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून सगळं उघडून घेतलं. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं निघालं. जुनी बिलं काढून पाहिली, एकाही बिलात ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद नाही, नुसतं "ब्रेक क्लीनिंग" लावलंय. उजव्या मागच्या चाकाची टोपी उचलली तर आत ओल, आणि त्या बाजूचा लायनर तेलकट. दोन्ही सिलिंडर, दोन्हीकडचे लायनर, पुढचे पॅड आणि डॉट 4, सगळं नाना पेठेतून आणलं, मजुरी धरून साडेसात हजारांच्या आत झालं. पॅडल आता वरच पकडतं. पण पॅड नवे असल्याने गाडी थोडी उशिरा थांबतेय असं वाटतं. काही राहिलंय का?

जुना_ब्रेकवाला, चिंचवड

राहिलेलं काही नाही, पॅड आणि लायनर अजून डिस्क-ड्रमवर घासून नीट बसायचेत. पहाटे रिकामा सरळ रस्ता बघून साठच्या वेगावरून मध्यम ब्रेक मारत वीसपर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा म्हणजे डिस्क गार होईल. असं आठ-दहा वेळा करा. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभे राहू नका. लायनर बसायला पॅडपेक्षा जास्त किलोमीटर लागतात, पाचशेनंतर हँडब्रेक पुन्हा तपासून घ्या. तेलकट झालेला जुना लायनर मेकॅनिकने "धुऊन ठेवलाय, चालेल" म्हणून परत दिला असेल तर फेकून द्या. आणि यापुढे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, बिलावर तसं लिहून घेऊन.