होम्स कोणत्या क्रमाने वाचावा?

मालिका वाचताना 'घटना घडल्या त्या क्रमाने वाचा' असं सुचवलं जातं, पण शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या बाबतीत तरी तो मार्ग घेऊ नका. ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा कॉनन डॉयलने १८८७ ते १९२७ अशा चाळीस वर्षांत लिहिल्या, आणि मागच्या तपशिलांची त्याने फारशी पर्वा केली नाही. होम्सचा मित्र आणि या कथा सांगणारा वॉटसन, त्याची जखम पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी, त्याचं तर सगळंच बिनसतं. १८९३ च्या कथेत वॉटसनने त्याचं नावही ऐकलेलं नाही, आणि १९१४ मध्ये सुरू झालेल्या, पण त्या कथेच्या आधी घडणाऱ्या कादंबरीत वॉटसनला मोरियार्टीबद्दल चांगलं ठाऊक असतं. घटनाक्रमाने गेलात तर नेमकी ही ठेच लागते, शिवाय १८९३ च्या कथेत होम्स आणि मोरियार्टी धबधब्यावर भिडतात, त्या प्रसंगातली हवाच जाते.

माझ्या मते सुरुवात १८९२ च्या पहिल्या बारा कथांच्या संग्रहापासून करावी. गुंफण घट्ट, एका बैठकीत एक कथा होते. पहिल्या कादंबरीचा दुसरा भाग अमेरिकेत जातो आणि होम्स बराच वेळ गायब होतो, नवखे वाचक तिथेच पुस्तक मिटतात.

नाशिककरांनी सार्वजनिक वाचनालयातून मराठी अनुवाद घेताना आधी अनुक्रमणिका चाळावी. निवडक कथांचा संच असेल तर १८९३ ची ती धबधब्याची कथा, मेला समजलेला होम्स परततो त्या १९०३ च्या कथेआधी आहे ना, एवढं जरूर बघा. 'शेवटी मालिका ढेपाळते' असं म्हणतात, ते मात्र मान्य. १९२७ चा संग्रह सर्वांत कच्चा आहे.