लारावेल: शेवटची पेटी दोघांना विकली जाते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या बुकिंगसाठी लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर पहिलंच ॲप करतोय. मायग्रेशन (कोडमधून टेबलं बनवणं), लॉगिन, फॉर्म जमले; अडलंय ते शिल्लक पेट्यांवर. शिल्लक तपासून मग डिक्रिमेंट, म्हणजे आकडा कमी, करतो, पण दोन ऑर्डरी एकदम आल्या की दोन्ही पास होतात आणि शिल्लक उणे एक! ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या क्वेरी एकत्र पूर्ण, नाहीतर सगळ्या रद्द) घातलं तरी तेच. टेबल इनोडीबीच आहे, म्हणजे ट्रान्झॅक्शन चालणारं.

ओळ वाचतानाच लॉकफॉरअपडेट लावू (काम होईपर्यंत ती ओळ दुसऱ्याला बदलता येऊ नये म्हणून), की ‘शिल्लक पुरेशी असेल तरच’ ही अट थेट अपडेटच्या क्वेरीत घालू? मला दुसरं सुटसुटीत वाटतं. पण एकाच ऑर्डरीत दोन-तीन वेगवेगळ्या प्रतींच्या (दर्जाच्या) पेट्या असल्या तर? शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला सर्व्हर) आहे, तेव्हा रेडिससारखा वेगळा सर्व्हर लागणारे उपाय नकोत. सीझनला मुंबईकर चाकरमानी एकदम तुटून पडतात हो!