मदत हवी आहे: होडीच्या ड्रॉइंगमधल्या रेषा पीएनजीत गायब होतात

नमस्कार मंडळी. मी मालवणात फायबरच्या होड्यांची ड्रॉइंग करून देतो. 38 ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (कॅडच्या फाइल प्रकारात) आहेत. होडीमालक मात्र सगळं मोबाइलवर बघणारे. त्यांना हवा 'फोटो'. म्हणून इंकस्केपमध्ये (रेषांची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल काढतो.

घोळ रेषांचा आहे. 96 डीपीआयला (म्हणजे इंचामागे 96 पिक्सेल) ए3 कागदाचे जेमतेम 1587 बाय 1123 पिक्सेल होतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण 0.26 मिमीचा. माझ्या मापांच्या रेषा 0.05 मिमीच्या. नाळेपाशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) तर त्या अशा पुसट होतात, की कालच्या गिऱ्हाईकाने "रंग संपला काय रे?" म्हणून विचारलं! 300 डीपीआयला (4961 बाय 3508) बरं दिसतं, पण पातळ रेषा तरीही करड्याच. सगळ्या रेषा निवडून 0.25 मिमी केल्या, तर बाहेरची कड आणि मापाची रेघ एकसारखी जाड. ड्रॉइंगच्या थरांप्रमाणे (लेयर) वेगळी जाडी एकदम देता येते का?

दुसरं, मराठी अक्षरं. माझ्याकडे ठीक दिसतात, मित्राच्या कॉम्प्युटरवर 'इंजिन'ची वेलांटी 'ज' सोडून 'न'वर जाते. अक्षरांचे पाथ केले (म्हणजे अक्षरं नुसत्या रेषांचे आकार केली) की प्रश्न सुटतो, पण मग मजकूर दुरुस्त करता येत नाही. तुम्ही दोन फायली ठेवता का?

आणि 38 फायली एका दमात काढायची कमांड कोणी वापरत असेल, तर जशीच्या तशी टाका. जेपीजी सुचवू नका, रेषांच्या कडेला घाण येते. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो, तेवढं कळलंय.