सोसायटीतून फूड बँकेसाठी शिधा गोळा करतेय, लोकांना न दुखावता 'हे नको, हे द्या' कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवीय. मी जुळे सोलापुरात राहते. आमची सोसायटी आणि शेजारच्या गल्ल्यांतून इथल्या एका फूड बँकेसाठी दर महिन्याला कोरडा शिधा गोळा करायचं काम मी अंगावर घेतलंय. ते लोक किट बांधून विडी कामगार आणि यंत्रमागावरच्या कामगारांच्या घरी पोचवतात, बरीचशी घरं पूर्व भागातली.

लोक द्यायला तयार आहेत, प्रश्न तो नाहीच. पण येतंय काय तर गहू, गहू आणि गहू. रेशनवर माणशी ५ किलो धान्य २०२३ पासून फुकटच मिळतंय, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो, म्हणजे धान्य कसंतरी भागतं. अडतं ते तूरडाळ, तेल, तिखट, शेंगदाणे, साबण याला. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते, पान-तंबाखू आलं नाही की त्या दिवशी हातात काहीच नाही, मग तेलाची पिशवी कशी आणणार? आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत भातच जास्त, त्यांनी एवढ्या गव्हाचं करायचं काय?

दुसरं म्हणजे माल. परवा एका घरून ज्वारीच्या पिठाची पिशवी आली, उघडून बघते तर कोपऱ्यात जाळी धरलेली, आत अळ्या वळवळत होत्या. मी परत केली तर त्या काकू म्हणाल्या, "अगं चाळून खातील की, गरिबाला काय!" मला फार लागलं ते. जे आपल्या ताटात चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण काकू आता बोलेनात आणि त्यांच्या विंगमधून येणारं सामानच बंद झालंय.

लग्न-वास्तुशांतीचं उरलेलं अन्न घ्या म्हणूनही फोन यायलेत. ते मी घेत नाही. शिजवलेलं गरम अन्न वाटेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायला लागतं, ती सोय आमच्याकडं नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारचं वरण संध्याकाळपर्यंत आंबतं. एका काकांना डाळीवर ८०जीची (आयकर सवलतीची) पावती हवी होती, ती वस्तूंवर मिळत नाही, पैशांच्या देणगीवरच मिळते हे सांगितलं तर पटलं त्यांना.

तर आता, ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा. प्रत्येक विंगला एकच वस्तू वाटून दिली, म्हणजे ए विंग तूरडाळ, बी विंग तेल असं, तर चालतं का, की लोकांना हुकूम सोडल्यासारखं वाटतं? काहीजण म्हणतात पैसेच गोळा करून मार्केट यार्डातून होलसेल घे, पण पैसे आले की हिशोबाच्या शंका आल्या, आणि पोरं घराघरातून पिशव्या आणतात ते बंद होईल याचं मला जास्त वाईट वाटतं. श्रावणात आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी ढीग लागतो, मग फाल्गुन-चैत्रात कुणी विचारत नाही, तेव्हा तुम्ही काय करता? आणि पावसाळ्यात डाळ-तांदूळ पार्किंगमधल्या खोलीत टोके न लागता कसे ठेवायचे, कडुनिंबाचा पाला घालून पुरतं का?

ग्रुपवर टाकायचा मेसेज कुणाकडं तयार असेल तर तो पण द्या प्लीज, आणि त्या काकूंना परत कसं जोडून घेऊ तेही सुचवा.